स्वतःचे ऑफिस थाटलेल्या वकिलाने कशापासून जपावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुका कोर्टात काही वर्षे सीनिअरकडे काम केल्यावर तुम्ही स्वतःचे ऑफिस सुरू केले आहे. दिवाणी दावे, न वटलेल्या चेकची प्रकरणे, जामीन, थोडे महसुली काम आणि एका बँकेचे सर्च रिपोर्ट (तारण जमिनीची मालकी तपासून दिलेले अहवाल) मिळून दीडएकशे प्रकरणे हातात आहेत. सोबत एक ज्युनिअर आणि एक कारकून आहे. तुमच्याच बारमधल्या एका ज्येष्ठ वकिलांविरुद्ध पक्षकाराने बार कौन्सिलकडे (वकिलांवर शिस्तभंगाची कारवाई करणाऱ्या संस्थेकडे) तक्रार केल्यापासून तुम्हाला धास्ती वाटते आहे. ऑफिस कसे लावावे, धोका कुठे असतो आणि विमा घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे.

कायदा कमी माहीत असल्यामुळे फार थोडे वकील अडचणीत येतात. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक तक्रारींच्या मुळाशी एकच वाद असतो. वकील म्हणतात, ‘मी सांगितले होते’, आणि पक्षकार म्हणतो, ‘मला कुणी काही सांगितले नाही’. तारीख, पैसा, तडजोड, अपील, मूळ कागद, विषय कोणताही असो, शेवटी फाईलमध्ये काय आहे ते पाहिले जाते. सचोटीने काम केलेला पण काहीच लिहून न ठेवलेला वकील तिथे हतबल होतो, आणि हे पाहताना फार वाईट वाटते. म्हणून माझ्या उत्तराचा गाभा एवढाच आहे की तुमच्या ऑफिसात जे घडते त्याचा कागद त्याच दिवशी तयार झाला पाहिजे.

१४ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही असा निकाल दिला. तेव्हापासून बाररूममध्ये ‘आता काही धोका नाही’ असे ऐकू येते. हा समज चुकीचा आहे. त्या निकालाने ग्राहक आयोगाचा दरवाजा बंद झाला, पण निष्काळजीपणाबद्दल नुकसानभरपाईचा दिवाणी दावा आजही होऊ शकतो. अॅडव्होकेट्स अॅक्ट, १९६१ च्या कलम ३५ खालची शिस्तभंगाची कारवाई तर आहेच. तिच्यात ताकीद मिळू शकते, सनद (वकिलीचा परवाना) काही काळासाठी निलंबित होऊ शकते किंवा नाव वकिलांच्या पटावरून कायमचे काढले जाऊ शकते.

सर्वांत मोठा धोका मुदतीचा, म्हणून तिथे जरा थांबतो.

तुमच्याकडे तारखांची डायरी असेल, मोबाईलवर ई-कोर्ट्सचे अॅपही असेल. प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर नंबर (प्रकरणाचा ओळख क्रमांक) टाकून सगळी प्रकरणे त्यात घेतली नसतील तर या आठवड्यात घ्या. पण डायरी आणि अॅप दोन्ही कोर्टाने दिलेली पुढची तारीख दाखवतात. मुदतीची तारीख कोर्ट देत नाही. अपील कधीपर्यंत करायचे, मयत वादीचे वारस कधीपर्यंत आणायचे, चेकची नोटीस कधीपर्यंत द्यायची हे कोणत्याही बोर्डावर (कोर्टाच्या रोजच्या प्रकरणांच्या यादीवर) लागत नाही. त्यामुळे तारखांच्या डायरीपासून वेगळे, फक्त मुदतींचे एक रजिस्टर ठेवा. त्यात प्रकरण, मुदत कशापासून सुरू झाली ती तारीख, शेवटचा दिवस आणि त्याच्या दहा दिवस आधीचा दिवस, एवढे रकाने पुरेत. शेवटचा दिवस तुम्ही मोजा आणि ज्युनिअरला वेगळा मोजायला लावा. दोघांचे उत्तर जुळले तरच नोंद करा. सोमवारी सकाळी कोर्टात निघण्यापूर्वी ते रजिस्टर उघडायचे, मग बोर्ड कितीही भरलेला असो.

मुदतींमध्येही दोन जाती आहेत आणि त्यांची सरमिसळ हेच पुष्कळ अनर्थांचे कारण असते. साध्या दिवाणी दाव्यात कैफियतीसाठी (प्रतिवादीच्या लेखी उत्तरासाठी) ३० दिवस आणि वाढवून ९० दिवस असले, तरी योग्य कारण असेल तर त्यानंतरही न्यायालय ती दाखल करून घेऊ शकते. त्यामुळे ‘नो डब्ल्यू.एस.’ (कैफियतीविना दावा पुढे चालवण्याचा आदेश) झाला तर अर्ज देऊन, खर्च भरून तो रद्द करून घेऊ, ही सवय आपल्या अंगात मुरली आहे. हीच सवय घेऊन तुम्ही कमर्शियल (व्यापारी वादाच्या) दाव्यात गेलात, तर समन्स बजावल्यापासून १२० दिवसांनंतर कैफियतीचा हक्कच संपतो. ग्राहक आयोगापुढे लेखी म्हणण्यासाठी ३० आणि वाढीव १५ असे ४५ दिवस मिळतात. त्यापुढे एकही दिवस नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. लवादाचा निवाडा रद्द करून मागायचा अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो. पुरेसे कारण दाखवले तर आणखी ३० दिवस मिळतात आणि तिथे दार बंद होते. अशा मुदती रजिस्टरमध्ये लाल शाईने लिहा.

चेकची प्रकरणे तालुक्यात सर्वांत जास्त, म्हणून तिथे चुकाही जास्त. चेक परत आल्याची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस द्यायची. ती पोहोचल्यापासून पैसे देण्यासाठी १५ दिवस, आणि ते संपल्यावर एका महिन्यात तक्रार. तक्रारीला उशीर झाला तर पुरेसे कारण दाखवून तो माफ करून घेता येतो. नोटिशीचा उशीर माफ करण्याची तरतूदच नाही. चेकची तीन महिन्यांची वैधता शिल्लक असेल तर तो पुन्हा भरून, पुन्हा परत आल्यावर नव्याने नोटीस देता येते. पण पक्षकार तुमच्याकडे येतो तेव्हा बहुधा तेवढे दिवस उरलेले नसतात. म्हणून चेकचा पक्षकार ऑफिसात आला की बाकी कहाणी ऐकण्याआधी बँकेचा मेमो हातात घ्या आणि तो त्याला कोणत्या दिवशी मिळाला ते त्याच्या सहीने लिहून घ्या.

निकाल लागल्याचा दिवस हा तुमच्या जबाबदारीचा सर्वांत नाजूक दिवस. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपिलासाठी ३० दिवस, उच्च न्यायालयात ९० दिवस. नक्कल मिळवायला लागलेला काळ लिमिटेशन अॅक्टच्या कलम १२ प्रमाणे वगळला जातो, पण नक्कल तयार होऊन नक्कल विभागात पडून राहिली तर ते दिवस तुमच्याच माथी येतात. म्हणून नकलेचा अर्ज शक्यतो त्याच दिवशी द्या. आणि त्याच संध्याकाळी पक्षकाराला पत्र लिहा: निकाल काय लागला, अपील कुठे होते, शेवटचा दिवस कोणता आणि अपिलाचे काम मी घेतलेले आहे की नाही. हे पत्र जिंकलेल्या पक्षकारालाही द्या. त्याला दरखास्तीचे (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीच्या अर्जाचे) सांगायचे असते आणि समोरचा अपिलात गेला तर नोटीस येईल हेही सांगायचे असते. कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात वकिली करत असाल तर १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच सुरू झाले आहे. पक्षकाराच्या डोक्यात अजून मुंबईच असते, त्यामुळे पत्रात ठिकाण नेमके लिहा. हे एक पानाचे पत्र तुम्हाला जेवढे संरक्षण देईल तेवढे दुसरे काहीही देणार नाही, असे मी अनुभवाने सांगतो. पत्र पोस्टाने पाठवा, व्हॉट्सअॅपवर त्याचा फोटो टाका, आणि पक्षकार समोर असेल तर पोच घ्या.

पक्षकाराच्या मृत्यूची बाबही अशीच. वारस रेकॉर्डवर आणायला ९० दिवस, ते चुकले तर दावा त्या पक्षकारापुरता आपोआप संपतो आणि तो पुन्हा उभा करायला ६० दिवस. तुमचाच पक्षकार वारला तर ते न्यायालयाला कळवणे हे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २२ नियम १०अ प्रमाणे तुमचे कर्तव्य आहे. खेडेगावातले वयस्कर वादी असतील तर वर्षातून दोनदा ज्युनिअरला त्यांच्या घरी फोन करायला सांगा. मुलगा पुण्यात, कुलमुखत्यारपत्र मुलाच्या नावे, आणि वडील वारून चार महिने झाले तरी मुलगा कुलमुखत्यार म्हणून सह्या करतो आहे, हे नित्याचे आहे. देणारा गेला की ते कुलमुखत्यारपत्र संपते हे मुलाला माहीत नसते. ते तुम्हाला वेळेत कळायला हवे.

आता पैसा. २००२ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेले उत्तर प्रदेशातले एक प्रकरण प्रत्येक नव्या वकिलाने वाचावे. भूसंपादनाच्या भरपाईचे ८,११८ रुपये वकिलांनी कोर्टातून उचलले आणि गरीब, वृद्ध पक्षकाराला दिले नाहीत. पुढे तक्रार मिटल्याचे खोटे प्रतिज्ञापत्रही दाखल केले. बार कौन्सिल ऑफ इंडियाने तीन वर्षांच्या निलंबनाची शिक्षा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे नाव पटावरून काढून टाकले. रक्कम किती लहान होती पाहा, आणि शिक्षा किती मोठी.

बार कौन्सिलचे नियम याबाबत स्वच्छ आहेत. पक्षकाराच्या पैशाचा हिशेब ठेवायचा, आलेली रक्कम फीची की खर्चाची हे नोंदवायचे, त्याच्या वतीने पैसे मिळाले की लगेच कळवायचे, मागेल तेव्हा हिशेबाची प्रत द्यायची. त्याचे पैसे कर्जाऊ वापरायचे नाहीत आणि त्याला कर्ज द्यायचेही नाही. यासाठी बँकेत दुसरे खाते उघडा. कोर्ट फी, नोटिशीचा खर्च, तडजोडीची रक्कम फक्त त्यातून. फी आपल्या खात्यात. पावतीपुस्तक दोनप्रती ठेवा आणि शंभर रुपयांचीही पावती फाडा. मोटार अपघात आणि भूसंपादनाच्या कामांत भरपाईच्या टक्केवारीवर फी ठरवण्याची पद्धत कितीही रुळली असली, तरी निकालावर अवलंबून असलेली फी नियमांत निषिद्धच आहे. भरपाई हातात आली की तोच पक्षकार तुमच्याविरुद्ध त्या टक्केवारीचा कागद घेऊन उभा राहू शकतो. ठरावीक फी ठरवा, हवे तर टप्प्यांत घ्या.

याहून गंभीर एक गोष्ट. ‘वर द्यावे लागतील’ असे वाक्य तुमच्या ऑफिसात तुमच्या, ज्युनिअरच्या किंवा कारकुनाच्या तोंडून कधीही निघता कामा नये. अधिकाऱ्यावर गैरमार्गाने वजन टाकण्यासाठी पैसे घेणे हाच भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ७अ खाली गुन्हा आहे. ते पैसे पुढे कुणाला पोहोचले की नाही याने फरक पडत नाही. कारकुनाला पगार नीट द्या, म्हणजे तो पक्षकाराकडे चहापाण्याच्या नावाने हात पसरणार नाही. पक्षकारालाही पहिल्याच भेटीत सांगा की पावतीशिवाय या ऑफिसात कुणाला काही द्यायचे नाही.

सहीचा धोका तरुण वकिलांना जाणवत नाही, कारण सही करायला दोन सेकंद लागतात. प्रतिज्ञापत्राखाली ‘मी यांना ओळखतो’ असे लिहून तुम्ही सही करता, जामीनदाराची ओळख देता. ओळखीचा दलाल चार माणसे घेऊन येतो, बाहेर बेलिफ हाका मारत असतो आणि सही होऊन जाते. सहा महिन्यांनी तो जामीनदार बनावट निघतो, सातबारा दुसऱ्याचा निघतो आणि पोलीस तुमच्या सहीपासून तपास सुरू करतात. ज्याला तुम्ही ओळखत नाही त्याची ओळख देऊ नका. देणार असाल तर आधार कार्डाची प्रत, ताजा फोटो, मोबाईल नंबर आणि अंगठा घेऊन फाईलला लावा. कोऱ्या वकीलपत्रावर, कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टँपवर पक्षकाराच्या सह्या घेऊन ठेवण्याची पद्धत आजच बंद करा. सोयीसाठी घेतलेली ती सही उद्या खोट्या दस्ताचा पुरावा म्हणून तुमच्यासमोर येते.

बँकेच्या सर्च रिपोर्टबद्दल. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पॅनेलवरच्या वकिलाचे मत चुकले एवढ्यावरून त्याला फसवणुकीच्या कटात गोवता येत नाही, त्याचा कटाशी संबंध दाखवणारा पुरावा लागतो. दिलासा खरा आहे, पण ढोबळ निष्काळजीपणाबद्दल बार कौन्सिलची कारवाई होऊ शकते हेही त्याच निकालात आहे. तेव्हा तीस वर्षांचा शोध घेतला असे लिहायचे तर तो खरोखर घ्या आणि दुय्यम निबंधकाकडच्या शोधाच्या फीची पावती अहवालाला जोडा. इंडेक्स दोनची (नोंदणी झालेल्या दस्तांच्या सूचीची) जी वर्षे मिळाली नाहीत, जी पाने फाटलेली होती, ती वर्षे अहवालात नावानिशी लिहा. सातबारावर न थांबता फेरफार (हक्कबदलाच्या नोंदी) एकेक करून मागे वाचा. कुळकायदा कलम ४३ ची (परवानगीशिवाय विक्री न करण्याची) अट, भोगवटादार वर्ग दोन (हस्तांतरावर बंधने असलेली जमीन), वतन, पुनर्वसनाची जमीन, आदिवासी खातेदार हे सगळे एखाद्या जुन्या फेरफारात एका ओळीत दडलेले असते. बहिणींची हक्कसोड नोंदणीकृत आहे की नुसत्या वर्दीवर (तलाठ्याकडे दिलेल्या माहितीवर) नाव कमी झाले आहे, ते पाहा. आणि कागद कुणी आणून दिला हे लिहा. कर्जदाराने किंवा एजंटाने आणलेली सर्टिफाईड नक्कल म्हणजे तुम्ही स्वतः कार्यालयातून काढलेली नक्कल नव्हे. बनावट प्रकरणांत खोट बहुधा तिथेच सापडते. फी कमी आणि घाई जास्त असेल तर ते काम सरळ परत पाठवा.

नवे काम घेताना विरोधी हितसंबंध तपासायला पाच मिनिटे लागतात. तुमच्या अनुक्रमणिकेत पक्षकाराच्या नावाबरोबर गाव आणि गट नंबरही ठेवा. एका गावात एकाच नावाची तीन माणसे असतात, गट नंबर मात्र चुकत नाही. त्या गटाबद्दल पूर्वी दुसऱ्या बाजूने सल्ला दिला असेल तर तो लगेच कळतो. वाटपाच्या दाव्यात चार भावांनी मिळून तुम्हाला वकीलपत्र दिले तर आज त्यांचे एकमत आहे, साक्षीपुराव्यापर्यंत राहीलच असे नाही. हित वेगळे झाले तर मी कुणाचाच वकील राहणार नाही, हे सुरुवातीला चौघांकडून लिहून घ्या.

फीचे पत्र मराठीत, एका पानाचे करा. कोणते काम घेतले, कोणत्या टप्प्यापर्यंत, फी किती, खर्च वेगळा, अपील आणि दरखास्त यात नाही, सूचना कुणाकडून घ्यायच्या, पत्ता व नंबर बदलला तर कळवायचे. सूचना कुणाकडून हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण वादी एक आणि फोन करणारे जावई, पुतणे, सरपंच असे पाच असतात. नियम सांगतो की पक्षकार किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी सोडून कुणाच्या सांगण्यावर चालायचे नाही. तडजोडीत तर पक्षकाराची स्वतःची सही आणि तीही मजकूर मोठ्याने वाचून दाखवल्यावर. वकीलपत्रात तडजोडीचा अधिकार छापलेला आहे, त्यावर विसंबू नका. पक्षकाराच्या स्पष्ट सूचनेशिवाय त्याचा हक्क सोडून देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले आहे.

काम सोडायचे असेल तर तेही नीट सोडा. पक्षकार फी देत नाही, भेटत नाही, म्हणून एका सकाळी ‘नो इन्स्ट्रक्शन्स’ची पुरसिस (पक्षकाराच्या सूचना नाहीत असे कोर्टाला लेखी निवेदन) देऊन मोकळे होणे हे तक्रारीला आमंत्रण आहे. आधी रजिस्टर पोस्टाने नोटीस, पुढची तारीख आणि टप्पा त्यात लिहून, मग न्यायालयाची परवानगी. न केलेल्या कामाची फी परत. आणि फाईल अडवून ठेवू नका. फी थकली म्हणून पक्षकाराच्या कागदांवर वकिलाचा ताबाहक्क नाही, हे २००० सालीच ठरलेले आहे. थकलेल्या फीसाठी वेगळा मार्ग आहे. पक्षकाराचे मूळ कागद घेताना यादी करून पोच द्या, परत करताना पोच घ्या, आणि शक्यतो मूळ कागद दाखल करायच्या दिवसापर्यंत त्याच्याकडेच राहू द्या.

ज्युनिअर आणि तंत्रज्ञान यांबद्दल थोडक्यात. ज्युनिअर कोर्टात काय बोलला त्याची जबाबदारी तुमची, म्हणून रोज संध्याकाळी प्रत्येक प्रकरणात काय झाले ते त्याने फाईलच्या कव्हरवर लिहावे आणि तुम्ही वाचावे. कॉम्प्युटरने लिहून दिलेल्या मसुद्यात न्यायनिवाडे असतील तर मूळ निकाल उघडून, परिच्छेद वाचल्याशिवाय एकही संदर्भ दाखल करू नका. अस्तित्वात नसलेले निवाडे हुबेहूब खऱ्यासारखे छापून येतात, आणि सही तुमची असते. पक्षकाराची गोपनीय माहिती ही भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ ने संरक्षित आहे. तिचे रक्षण करणे ही तुमची जबाबदारी, म्हणून बारच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सल्ला विचारताना नावे, गट नंबर, फोटो टाकू नका. आणि जवळच्या एका विश्वासू वकिलाचे नाव प्रत्येक वकीलपत्रात घाला. तुम्ही आजारी पडलात तर मुदतींचे रजिस्टर घेऊन कुणीतरी उभे राहायला हवे.

विम्याचे तुम्ही शेवटी विचारलेत. आपल्याकडे तो सक्तीचा नाही, पण व्यावसायिक दायित्वाची पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्या वकिलांना देतात. तुमचे काम जामीन आणि छोट्या दाव्यांपुरते असते तर मी आग्रह धरला नसता. बँकेचे सर्च रिपोर्ट देता म्हणून घ्या असे सांगतो, कारण तिथे एका सहीमागे लाखोंचे कर्ज असते. घेताना तीन गोष्टी वाचा. अशा पॉलिसीत दावा कधी केला गेला ती तारीख सहसा महत्त्वाची असते, काम कधी केले ती नव्हे. म्हणून पॉलिसी मध्येच बंद पडली तर जुन्या अहवालांवरचे संरक्षणही जाते. मागची किती वर्षे धरली आहेत ते पाहा. आणि पहिला किती बोजा तुम्ही स्वतः उचलायचा आहे ते पाहा. अप्रामाणिकपणा, फसवणूक, दंड यांना विमा लागू नसतो, आणि बार कौन्सिलने सनद निलंबित केली तर ती कोणतीही कंपनी परत आणून देत नाही.

कधी काळी तक्रारीची नोटीस आलीच, तर पक्षकाराला फोन करू नका, मध्यस्थ पाठवू नका, फाईलमध्ये नंतर एकही कागद घालू नका. फाईल जशी आहे तशी स्कॅन करा, विमा असेल तर कंपनीला त्याच दिवशी कळवा, आणि उत्तर स्वतः न लिहिता दुसऱ्या वकिलाकडून लिहून घ्या. राज्य बार कौन्सिलच्या निर्णयावर बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे ६० दिवसांत अपील करता येते आणि त्यानंतर सर्वोच्च न्यायालयात. ही मुदतसुद्धा त्याच रजिस्टरमध्ये लिहा.